वहीचं मागचं पान



वाचनालयाच्या यंदाच्या व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प मी गुंफते आहे, ते सरांच्या नावाने; सर म्हणजे माझ्या शाळेतले चित्रकलेचे शिक्षक. विषय कळवला तेव्हा कार्यवाहांचा फोन आला होता. "बाई, सतरा-अठरा वर्षांच्या मुलांची प्रेमकथा, त्यात पुन्हा भिंती रंगवणारी मुलं. आपला श्रोता जरा वयस्कर असतो." मी म्हटलं, सरांच्या नावाने बोलायचं तर मला दुसरा विषय सुचत नाही. त्यांनी ऐकून घेतलं आणि आपणहून गावातल्या शाळांना निमंत्रणं धाडली. म्हणून आज मागच्या रांगा भरलेल्या आहेत.

मी बोलणार आहे ती कादंबरी ऑस्ट्रेलियातली आहे. नाव 'ग्राफिटी मून'. लेखिका कॅथ क्राउली. 2010 साली ती प्रसिद्ध झाली आणि पुढच्याच वर्षी किशोरांसाठीच्या कादंबरीचा तिथला पंतप्रधान साहित्य पुरस्कार तिला मिळाला. न्यू साउथ वेल्स राज्याचा एथेल टर्नर पुरस्कारही त्याच वर्षी मिळाला. पुरस्कारांचा उल्लेख एवढ्याचसाठी करते, की हे काही चोरून वाचायचं पुस्तक नाही. तिथल्या जाणत्या मंडळींनी ते मुलांच्या हाती विश्वासाने दिलं आहे.

कादंबरीचा काळ एका रात्रीचा. बारावी संपली त्या दिवशीची रात्र. आपल्याकडे शेवटचा पेपर टाकून मुलं परीक्षा केंद्राच्या फाटकातून ज्या वेगाने बाहेर पडतात, तो वेग डोळ्यांसमोर आणा. ल्यूसी नावाची मुलगी सायकलवर बसते आणि उतारावरून भरधाव सुटते. हे पान वाचताना मला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आठवला. फेणे चोराच्या मागावर असायचा. ल्यूसी एका चित्रकाराच्या मागावर आहे. त्याला तिने कधी पाहिलेलं नाही. गावभर भिंतींवर त्याची चित्रं आहेत आणि खाली सही आहे, शॅडो. शॅडो म्हणजे सावली. त्याच्या चित्रांवर दुसरा एक जण शब्द लिहितो, त्याचं नाव पोएट. ल्यूसी जिथे काच फुंकायला शिकते त्या कार्यशाळेच्या मालकाने, अलने, निरोप पाठवलाय की शॅडो आत्ता समोरच्या भिंतीवर चित्र काढतोय, लवकर ये. ती पोचते तेव्हा तो पाच मिनिटांपूर्वी निघून गेलेला असतो.

ही मुलगी या शॅडोच्या प्रेमात आहे. त्याचा चेहरा, आवाज, वय, घर, यातलं तिला काही ठाऊक नाही. तिला ठाऊक आहेत त्या भिंती. विटांवर अडकलेले पक्षी, भुतांच्या रानात हरवलेली माणसं, छातीत गवत उगवलेला एक मुलगा आणि गवत कापायचं यंत्र घेऊन आलेली मुलगी. ही चित्रं ज्याच्या हातून उतरली त्याला आपण कळतो आणि तो आपल्याला कळतो, एवढं तिने मनाशी धरलेलं आहे. तो भेटला की सगळं नीट होईल. घरात सगळं नीट नाही. वडील परसातल्या शेडमध्ये राहायला गेलेत आणि आईबाबांचं काहीही बिघडलेलं नाही असं ल्यूसी स्वतःला आणि जगाला बजावत असते. गावातली प्रत्येक भिंत वाचणाऱ्या मुलीला स्वतःच्या परसातली शेड वाचता येत नाही. लेखिका हे कुठे बोलून दाखवत नाही, आपल्याला दिसू देते.

त्या रात्री ल्यूसी आणि तिच्या दोन मैत्रिणी शॅडो आणि पोएट यांना शोधायला निघतात. त्यांना तीन मुलं भेटतात. त्यातला एक एड. एड म्हणतो, शॅडो कुठे असतो ते मला माहीत आहे, चल, दाखवतो. आणि मग रात्रभर ती दोघं शॅडोचा माग काढत हिंडतात. शॅडो म्हणजे स्वतः एडच. हे वाचकाला सुरुवातीपासून माहीत असतं. एक प्रकरण ती सांगते, एक तो सांगतो, आणि अधूनमधून पोएटच्या, म्हणजे एडचा मित्र लिओ याच्या, कविता येतात. त्यामुळे वाचकाची अवस्था मोठी विलक्षण होते. शेजारी चालणाऱ्या मुलाला ती त्याच मुलाची चित्रं समजावून सांगत असते. या पक्ष्याचा अर्थ मला असा वाटतो, हे काढताना तो फार एकटा असणार. आणि तो ऐकत असतो. आपण काय काढलं हे त्याला पहिल्यांदा दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळत असतं.

मी बत्तीस वर्षं मराठी शिकवलं. 'रसिक' हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला याची गणती नाही. त्या शब्दाचा खरा अर्थ मला या प्रकरणांत उमगला. कुणीतरी आपलं काम बारकाईने वाचलं आहे, हे कळल्यावर माणूस किती मऊ होतो, आणि किती घाबरतो! एड घाबरतो. कारण ल्यूसीने मनात रंगवलेला शॅडो आणि प्रत्यक्षातला एड यांच्यात केवढं तरी अंतर आहे, असं त्याला वाटतं. शॅडो धीट, गूढ, हुशार. एडने शाळा मध्येच सोडलेली. त्याला वाचता येतं ते अडखळत, लिहिताना अक्षरं हाताशी येत नाहीत. चित्रांवर शब्द लिहायला त्याला लिओ लागतो, तो याचमुळे.

एड आणि ल्यूसी यांचा एक जुना हिशेबही आहे. दहावीत असताना दोघं एकदा फिरायला गेली होती. एडने तिच्या अंगाला नको तिथे हात लावला. ल्यूसीने कोपर असं मारलं की त्याचं नाक मोडलं. आपल्याकडे हा प्रसंग कसा लिहिला गेला असता? एक तर मुलगी रडत घरी गेली असती आणि दोन घराण्यांत भांडण झालं असतं, नाहीतर मुलाचा हात हा 'वयाचा खोडकरपणा' म्हणून हसण्यावारी गेला असता. क्राउली दोन्ही करत नाहीत. ल्यूसीचं कोपर बरोबर होतं, हे पुस्तक एकदाही नाकारत नाही. आणि एडने जे केलं ते चूक होतं, हे कळलेला एड दोन वर्षांनी तिच्या शेजारून चालतो तेव्हा अंतर ठेवून चालतो. मागे बसलेल्या मुलांनो, तुमच्या वयाच्या पुस्तकांतून मला हे हवं आहे. चूक झालेला मुलगा कायमचा राक्षस ठरत नाही, पण त्याची चूक कुणी पुसतही नाही. प्रवचनाने जे साधत नाही ते इथे त्या चालण्यातून साधलं आहे.

आता एडच्या न वाचता येण्याविषयी. इथे मला थोडा वेळ थांबावं लागणार आहे, कारण इथेच सर येतात.

2007 साली 'तारे जमीं पर' आला तेव्हा आपण सगळ्यांनी डोळे पुसले. अक्षरं उलटीपालटी दिसणारा, चित्रात रमणारा ईशान, आणि त्याला ओळखणारा शिक्षक. त्या चित्रपटाने खूप घरांत डोळे उघडले. पण ईशान आठ-नऊ वर्षांचा आहे. तोच मुलगा कुणी ओळखलाच नाही आणि तसाच सतरा-अठरा वर्षांचा झाला तर? त्याची गोष्ट एडची आहे. त्याची लाज मुरलेली असते. ती लपवायच्या युक्त्या त्याने शोधून काढलेल्या असतात. हॉटेलात गेलं की दुसऱ्याने मागवलेलं तेच मला, म्हणायचं. फॉर्म भरायचा असेल तर चष्मा घरी राहिला, म्हणायचं. ही कादंबरीतली उदाहरणं नाहीत, ही मी आपल्याच गावात पाहिलेली आहेत. आज आपल्या राज्यात अशा मुलांना दहावी-बारावीला जादा वेळ मिळतो, लेखनिक मिळतो. पण त्यासाठी आधी ते मूल कुणाच्या तरी नजरेला पडावं लागतं.

माझ्या वर्गात आठवीला एक मुलगा होता. श्रुतलेखनाला बसला की त्याचे कान लाल व्हायचे. जोडाक्षर आलं की पेन थांबायचं. दहा ओळींत तीस चुका. मी प्रत्येक चूक पाच वेळा लिहून आणायला सांगायची, आणि तो आणायचा, पाचही वेळा निरनिराळी चुकीची. एकदा वह्या तपासताना त्याची वही उलटी हाती आली. मागचं पान उघडलं गेलं. त्यावर बॉलपेनने काढलेली एसटी होती. स्टँडवर उभी असलेली, मागून पाहिलेली. मागची शिडी, टपावर दोरीने बांधलेली सायकल, सायकलचं एक चाक कडेच्या बाहेर आलेलं, शिडीच्या तिसऱ्या पायरीवर हमालाचा एकच पाय. वरचा हमाल पानाच्या बाहेर गेलेला होता. मी काय केलं? लाल पेनने त्या एसटीवर तिरका शेरा मारला, 'वही चित्रांसाठी नाही.' खाली सही, तारीख.

सर स्टाफरूममध्ये माझ्या समोर बसायचे. त्यांनी ती वही सहज उचलली. बराच वेळ पाहिली. मला काही बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "बाई, पाय एकच काढलाय. अख्खा हमाल दिसतोय बघा." दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या मुलाला रंगाच्या कपाटाची किल्ली दिली आणि स्नेहसंमेलनाच्या मंचामागची ओल आलेली भिंत दाखवली. एलिमेंटरीला वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि अक्षरलेखन असे कागद असतात, हे मुलं-पालक जाणतात. सरांनी त्याला परीक्षेला बसवलं. अक्षरलेखनात तो घाबरला, तेव्हा त्याला म्हणाले, अक्षर वाचू नकोस, अक्षर हे चित्र आहे असं समजून काढ. तो आज गावात दुकानांच्या पाट्या रंगवतो. फ्लेक्सच्या काळातही त्याच्याकडे कामं येतात. त्याच्या पाटीत ऱ्हस्व-दीर्घाची चूक मला अजून सापडलेली नाही. त्या लाल शेऱ्याबद्दल मी त्याची माफी मागितली ती सर गेल्यानंतर. आधी मागायला हवी होती.

एडच्या आयुष्यात सरांची ही जागा बर्टची आहे. बर्ट रंगाच्या दुकानाचा म्हातारा मालक. शाळा सोडलेल्या मुलाला तो दुकानात ठेवून घेतो. वहीच्या कोपऱ्यात चित्रं काढून पानं भराभर सोडली की चित्र हलतं, तो खेळ आपण सगळ्यांनी पाठ्यपुस्तकांच्या कोपऱ्यांत केलाय. बर्ट एडसाठी तशी हलणारी चित्रं काढायचा. कादंबरी सुरू होते तेव्हा बर्ट वारलेला आहे, त्यामुळे एडची नोकरीही गेली आहे. आई एकटी आहे, घरभाड्याचे पैसे नाहीत. लिओवर एका गुंडाचं कर्ज आहे. म्हणून ही मुलं त्याच रात्री आपल्या शाळेत चोरी करायच्या बेतात आहेत. एकीकडे ल्यूसीबरोबर चित्रं पाहत हिंडणं, दुसरीकडे घड्याळाचा काटा चोरीच्या वेळेकडे सरकणं, असा कादंबरीला ताण आहे. शेवट मी सांगणार नाही. मागच्या रांगांना तो स्वतः वाचायचा आहे.

प्रेमकथेत चोरी कशाला, असं कुणाला वाटेल. मला ती फार आवश्यक वाटते. किशोरांच्या प्रेमकथा पुष्कळदा हवेत चालतात, त्यातल्या मुलांना कधी भाडं भरावं लागत नाही. एडला भरावं लागतं. ल्यूसीला आपण आवडलो तरी उद्या आपण तिच्या जगात कुठे असू, ती कॉलेजात आणि मी कुठे, हा त्याचा प्रश्न आपल्या गावातल्या किती मुलांचा आहे! बारावीनंतर एकाच बाकावरची मुलं दोन रस्त्यांना लागतात. एक पुण्याच्या गाडीत बसतो, एक बापाच्या टपरीवर. मधल्या काळात फुललेलं काही असेल तर ते तिथेच थांबतं आणि कुणी त्याची कथा लिहीत नाही.

ल्यूसीचा धंदाही, धंदा म्हणजे कला, मला फार योग्य जागी बसवलेला वाटला. ती काच फुंकते. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील ज्यांनी पुसलाय त्या माझ्या वयाच्या मंडळींना काच म्हणजे काय जोखीम ते सांगायला नको. भट्टीतून वितळलेली काच नळीच्या टोकावर घ्यायची ती मधासारखी ओघळत असते. नळी सतत फिरवत ठेवायची. हात थांबला की काच एका बाजूला लोंबते आणि भांडं वाकडं होतं. आणि तयार झालेलं भांडं एकदम उघड्यावर ठेवायचं नाही, ते दुसऱ्या भट्टीत तासन्‌तास हळूहळू थंड करायचं, नाहीतर तडा जातो. एडचा हात विजेसारखा, पोलीस यायच्या आत चित्र संपवणारा. ल्यूसीचा हात सावकाश. रात्रभरात एडला सावकाश व्हावं लागतं आणि ल्यूसीला थोडं धाडस करावं लागतं. दोघांच्या कलेतूनच दोघांचे स्वभाव उलगडतात, वेगळं वर्णन लागत नाही.

भिंत आणि प्रेम यांचं नातं काही क्राउलींनी जोडलेलं नाही. ते आधीपासूनचं आहे. आजच्या ग्राफिटीचा उगम सांगताना अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचं नाव घेतलं जातं, आणि तिथे गोष्ट सुरू होते ती एका मुलाच्या प्रेमापासून. 1967 च्या सुमाराला कॉर्नब्रेड या टोपणनावाचा एक किशोरवयीन मुलगा, खरं नाव डॅरिल मॅक्रे, सुधारगृहातून बाहेर आला. सिंथिया नावाची मुलगी त्याला आवडत होती. तिच्या वाटेवरच्या भिंतींवर त्याने लिहीत सुटायचं ठरवलं, की कॉर्नब्रेडचं सिंथियावर प्रेम आहे. त्यातून त्याला नाव लिहायचं वेडच लागलं आणि पुढे शहरभर त्याचं नाव झालं. काही वर्षांनी न्यूयॉर्कमध्ये टाकी 183 नावाने लिहिणाऱ्या निरोप्या पोरावर 1971 च्या जुलैत न्यूयॉर्क टाइम्सने लेख छापला आणि ही लाट जगाला दिसली. मुळाशी मात्र एका पोराने लिहिलेलं एका मुलीचं नाव होतं.

त्याच फिलाडेल्फियात 1984 साली शहराने भिंती विद्रूप करणाऱ्या मुलांना आवरण्यासाठी एक उपक्रम काढला. जेन गोल्डन या चित्रकर्तीने त्या मुलांनाच हाताशी धरलं, आणि त्यातून आज जगात नावाजलेला भित्तिचित्रांचा मोठा कार्यक्रम उभा राहिला. 2009 मध्ये त्याच कार्यक्रमातून स्टीव्ह पॉवर्स या एकेकाळच्या ग्राफिटीवाल्याने शहराच्या पश्चिम भागात, उंचावरून धावणाऱ्या रेल्वेच्या कडेच्या 50 भिंतींवर एक प्रेमपत्र रंगवलं. गाडीच्या खिडकीतून ते एकेक भिंत करत वाचायचं. दादर-परळच्या लोकलमधून आपण जाहिराती वाचतो तसं. दमलेली माणसं कामावरून घरी जाताना खिडकीबाहेर प्रेमाचे दोन शब्द वाचत असतील, तर तो रंग वाया गेला असं मी कधीच म्हणणार नाही.

काही वर्षांपूर्वी भाचीकडे मेलबर्नला गेले होते. तिने मला होझियर लेन दाखवली. फेडरेशन स्क्वेअरच्या समोरच ही गल्ली आहे. खाली काळा दगड बसवलेला आहे, तिथे त्याला ब्लूस्टोन म्हणतात, पण तो बेसाल्टच, आपल्या सह्याद्रीच्या जातीचा. त्यामुळे पायांना ओळखीचं वाटलं. दोन्ही बाजूंच्या भिंती जमिनीपासून हात पोचेल तिथवर, आणि शिडी लावून त्याच्याही वर, चित्रांनी भरलेल्या. एक मुलगी तोंडाला मास्क लावून काम करत होती. डबा हलवला की आतली गोळी टकटक वाजायची. भिंतीपासून हात लांब धरला की रंग धुक्यासारखा पसरायचा, जवळ नेला की रेघ बारीक आणि ठळक. एका डोळ्याची पापणी तिने काढली, मागे सरली, पाहिली, आणि त्यावर सगळा निळा फिरवून पुन्हा सुरुवात केली. मी तिला खुणेने विचारलं, पुसलंस का? ती हसून म्हणाली, उद्या कुणीतरी पुसणारच आहे. त्या गल्लीत काल पाहिलेलं चित्र आज असेलच असं नाही. 2010 साली तर बँक्सी या जगप्रसिद्ध भित्तिचित्रकाराने काढलेला उंदीर महापालिकेच्या सफाईवाल्यांनी तिथून चुकून पुसून टाकला होता.

आता कायद्याविषयी बोललं पाहिजे, नाहीतर उद्या पालक माझ्या दारात येतील, आणि त्यांचं येणं योग्यच असेल. ज्या मेलबर्नमध्ये होझियर लेन पाहायला पर्यटक येतात, त्याच व्हिक्टोरिया राज्यात 2007 चा ग्राफिटी प्रतिबंधक कायदा आहे. अठराच्या आतल्या मुलाला रंगाचा फवारा विकता येत नाही. परवानगीविना भिंत रंगवणं हा तुरुंगवासापर्यंत जाणारा गुन्हा आहे. एड हा त्या कायद्याच्या डोळ्यांत गुन्हेगार आहे. आपल्याकडेही मालमत्ता विद्रूपणाला प्रतिबंध करणारा 1995 चा महाराष्ट्राचा कायदा आहे. निवडणुकीच्या आधी महिनाभर कुंपणांच्या भिंतींवर 'राखीव' लिहून पक्षाचं नाव टाकणाऱ्यांना तो आठवत नाही, ही गोष्ट वेगळी.

माझं मत सांगते. दुसऱ्याच्या घराची भिंत ही दुसऱ्याची आहे, तिला हात लावण्याआधी विचारलं पाहिजे. आणि ज्या भिंतीवर आधीच कुणाची कला आहे तिला तर शिवायचंच नाही. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात 1819 च्या एप्रिलमध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपलं नाव आणि तारीख चित्रावरच कोरून ठेवली. लेणी पुन्हा जगासमोर आणणारा म्हणून त्याचं नाव घेतात, पण ते अक्षर पाहिलं की अंगावर काटा येतो. आपली मुलं किल्ल्यांवर बदाम काढून त्यात बाण मारतात आणि दोन नावं लिहितात, ती त्याच जॉन स्मिथची वारस आहेत. प्रेम करा, मुलांनो, पण सिंहगडाच्या दगडावर नका करू.

आणि तरीही त्या बदामाकडे नुसतं रागाने पाहून भागणार नाही. पंधरा वर्षांच्या मुलाला आपल्या मनातलं नाव कुठेतरी लिहावंसं वाटतं. त्याला आपण कोणती जागा दिली आहे? घरात ते नाव काढायची चोरी, वर्गात वहीचं मागचं पान, त्यावरही माझ्यासारखीचा लाल शेरा. पालघर-डहाणूच्या वारली घरांत लग्नाच्या वेळी सुवासिनी गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहितात, आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. तिथे भिंतीवर चित्र काढण्याला 'लिहिणं' म्हणतात. भिंतीवर प्रेमाची गोष्ट लिहिण्याची रीत आपल्याच मातीत इतकी जुनी आणि इतकी पवित्र आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते. असं पुस्तक आपल्या मुलांना मराठीत मिळतं का?

आपल्याकडे बालसाहित्य आहे, भरघोस आहे. 1971 पासून 'किशोर' मासिक चालू आहे, त्याने पिढ्या वाचत्या केल्या. फास्टर फेणे आहे, पण त्याला प्रेमात पडायला भागवतांनी फुरसत दिली नाही. प्रकाश नारायण संतांचा लंपन आहे. आणि मिलिंद बोकीलांची 'शाळा' आहे, 2004 ची. नववीतला मुकुंद जोशी, त्याची शिरोडकर, बांधकाम चालू असलेल्या इमारतीत बसणारे ते चौघे मित्र, पाठीमागे आणीबाणी. 'ग्राफिटी मून' वाचताना मला पुन्हा पुन्हा 'शाळा' आठवत होती. दोन्हींत मुलांना स्वतःची अशी जागा नाही, म्हणून ती अर्धवट इमारतीत नाहीतर रात्रीच्या रस्त्यावर जाऊन बसतात. फरक असा, की 'शाळा' आपण मोठ्यांनी वाचली, हरवलेलं वय आठवून डोळे पाणावून वाचली. ती कादंबरी मागे वळून पाहणारी आहे. 'ग्राफिटी मून' ज्या वयाची आहे त्याच वयाच्या मुलांसाठी, त्यांच्या खांद्याशी खांदा लावून लिहिली आहे. शिवाय तिच्यात मुलगीही बोलते. शिरोडकरच्या मनात काय चाललं होतं ते आपल्याला जोशीच्या डोळ्यांतून जेवढं दिसलं तेवढंच. ल्यूसीची निम्मी कादंबरी ल्यूसी स्वतः सांगते. मराठीत शिरोडकरने सांगितलेली 'शाळा' मला वाचायची आहे. आज मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी ती लिहावी.

हे वाचनालय मी चाळीस वर्षं वापरते. आत शिरलं की डावीकडे बालविभाग, ठेंगणी कपाटं, चांदोबा, पंचतंत्र. उजवीकडे मोठ्यांचा विभाग, रहस्यकथा, आत्मचरित्रं, ऐतिहासिक. तेरा ते अठरा वयाचा मुलगा आत येतो तेव्हा मधल्या पॅसेजमध्ये उभा राहतो. डावीकडे जायची त्याला लाज वाटते, उजवीकडचं कुणी त्याला हवाली करत नाही. तो स्पर्धा परीक्षेची पुस्तकं चाळतो आणि निघून जातो. मग आपण म्हणतो, आजकालची मुलं वाचत नाहीत.

त्या पॅसेजमध्ये एक कपाट बसतं. मी काल येऊन मापं घेतली आहेत, तीन फूट रुंद, सहा फूट उंच. कपाटाचा खर्च मी देणार आहे आणि त्यासाठी समितीची परवानगी आज या व्यासपीठावरून मागते. पहिल्या खणासाठी 'शाळा', संतांची लंपनची पुस्तकं आणि 'ग्राफिटी मून'ची माझी प्रत मी घेऊन आले आहे. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना विनंती, की ही कादंबरी मराठीत आणण्याचं काम तुमच्यापैकी कुणीतरी मनावर घ्यावं. लेखिकेची आणि प्रकाशकाची रीतसर परवानगी घेऊनच. आणि कपाटाला कुलूप लावू नका. नोंदवहीत सही घेतली की पुस्तक द्या.

वाचनालयाच्या मागची भिंतही कोरी आहे. तिच्यावर पावसाळ्याआधी चुना मारायचा आहे असं मला कळलं. चुना मारल्यावर ती मुलांसाठी ठेवावी. परवानगीने, दिवसाउजेडी. पाट्या रंगवणारा आपला माणूस त्यांना ब्रश धरायला शिकवायला तयार आहे. मी त्याला विचारलं आहे. तो म्हणाला, सरांच्या नावाने असेल तर पैसे घेणार नाही.